आठ मिलिमीटर गवत

९ नोव्हेंबर

वन्संबाईंना,

सप्रेम वगैरे या वेळी राहू द्या. तुम्हाला अहो-जाहो केलंय म्हणजे माझं डोकं किती फिरलंय हे दहा वर्षांच्या ओळखीवर तुम्हाला कळलंच असेल. फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडतो आणि शेवटी कोणी आधी ठेवला एवढंच लक्षात राहतं. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होईल.

तुमचा दादा काल घरी आला. बॅग दारातच टाकली, सोफ्यावरसुद्धा बसला नाही, सरळ फरशीवर आडवा झाला. अकरा षटकं, एक्केचाळीस धावा, विकेट एकही नाही. काय झालं विचारलं तर म्हणाला, "तिला विचार. पीच कसलं, सिमेंटचा ओटा करून ठेवला होता. माझी सख्खी बहीण, आणि तिला चिमूटभर गवत ठेवता आलं नाही." मग भिंतीकडे तोंड केलं ते जेवायलाच उठला.

मला क्रिकेट फार कळत नाही. पण दहा वर्षं त्याच्या पांढऱ्या पँटीवरचे चेंडूचे लाल डाग घासतेय, तेवढ्यावर एक गोष्ट शिकले. पीचवर गवत असलं की वेगात टाकणाऱ्याचा चेंडू उसळतो. गवत काढून पीच कोरडं ठणठणीत केलं की फिरकीवाल्यांची चंगळ. तुम्ही त्या मैदानाच्या मुख्य माळी. तुमच्या बाबांनंतर तिथल्या प्रत्येक काडीवर तुमचा हुकूम चालतो. मग ही काडी कुठे गेली?

दोनशे चौऱ्याण्णव. आपल्या विभागाकडून प्रथम श्रेणीत तीनशे विकेट काढणारा वेगवान गोलंदाज अजून झालेला नाही. त्याला सहा हव्यात. वय पस्तीस, हा शेवटचा मोसम, साखळीचे सहा सामने, त्यातले चार तुमच्या मैदानावर. मला वाटलं होतं, घरचंच मैदान, बहीणच सांभाळते, काळजी कसली. आता वाटतं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या.

पुढचा सामना पंधरा दिवसांवर आला. हे पाकीट चिकटवून त्याच्याच बॅगेत ठेवतेय. आत आमच्या छोटीच्या स्वेटरची मापं आहेत असं त्याला सांगितलंय.

गवत ठेवा.

तुमची वहिनी


२७ नोव्हेंबर

वहिनी,

मापं मिळाली. गळा बराच मोठा निघाला.

तू रागाने अहो-जाहो कर, मी तुला अगं-तुगंच करणार. माझ्याकडे दुसरी भाषा नाही.

आता ऐक. गवत ठेवायचं की काढायचं हे माझ्या एकटीच्या मनावर नसतं. मोसमाआधी सेक्रेटरी साहेब बूट न काढता पीचवर येतात, कमरेवर हात ठेवतात आणि काय हवं ते सांगून जातात. यंदा संघात फिरकीवाले तीन आहेत, तिन्ही चांगले. त्यांना कोरडं पीच हवं. मी नोकर माणूस. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही.

आणि एक सांगू? या पीचवरून मला बोलायला आलेली तू पहिली नाहीस. फलंदाजाने शतक मारलं की ती त्याची बॅट, बाद झाला की माझी माती. पाच विकेट घेतल्या की गोलंदाज भारी, नाही मिळाल्या की मी वाईट. पहाटे साडेचारला ताडपत्रीवरचं दव झाडताना यातलं कोणी दिसत नाही. दहा वाजता मात्र सगळे तज्ज्ञ हजर. चौदा वर्षं ऐकून घेतेय. आता घरातूनही सुरू झालं, छान झालं.

दुसऱ्या सामन्यात दादाला घेतलं नाही, हे तुला त्याने सांगितलं असेलच. कप्तानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, या पीचवर तीन स्पिनर खेळवावेच लागतील, तू समजून घे." दादाने समजून घेतलं. चार दिवस गळ्यात टॉवेल घालून मुलांना पाण्याच्या बाटल्या नेऊन देत होता. तू समजतेस तसा तळमळत वगैरे नव्हता. दुपारी माझ्या खोलीत येऊन चहा प्यायला आणि खुर्चीत झोपला.

स्वेटर मी खरोखर विणतेय. मापं खरोखर पाठव.

तुझी नणंद


२ डिसेंबर

वन्संबाई,

खोटं बोलायचं तर निदान ज्याच्या नावावर खपवायचं त्याला आधी विचारून ठेवावं.

मी तुमच्या सेक्रेटरी साहेबांना फोन केला. हो, केला. नवऱ्याच्या नोकरीच्या जागी बायकोने फोन करू नये हे मला समजतं, पण माझं समजणं आता संपलं. ते काय म्हणाले सांगू? "आम्ही उलट थोडं गवत ठेवायला सांगितलं होतं हो. सामना चार दिवस तरी चालला पाहिजे. तुमच्या नणंदेनेच सगळं घासून काढलं. विचारलं तर म्हणाली, माती माझ्यावर सोडा." वर हसले. मी ड्यूटीवर, फोन हातात धरून वॉर्डाच्या दारात उभी होते आणि आतला पेशंट सलाइन संपल्याची घंटा वाजवत होता.

म्हणजे कोणाचाही हुकूम नव्हता. तुम्ही स्वतः, आपण होऊन, आपल्या हाताने.

मग मी विचार केला की का. आणि मला उत्तर सापडलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं, भांडी पुसता पुसता, की लहानपणी तुम्हीही चेंडू टाकायचात, आणि दादापेक्षा सरळ टाकायचात. पण बाबांनी चेंडू त्याच्या हातात दिला आणि तुमच्या हातात रोलरचा दांडा. तेव्हा तुम्ही हसून सांगितलंत. मीही हसले. आता कळतंय की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षांनी उट्टं काढताय तुम्ही. त्याचं नाव पुस्तकात लागायची वेळ आली आणि तुमच्या पोटात दुखलं.

तो कालच म्हणाला, "माझी सख्खी बहीण मला संपवतेय." 

टीमची बस परगावच्या सामन्यांसाठी तुमच्याच मैदानावरून सुटते, म्हणून हे पोचेल. उत्तर नको.

वहिनी


२१ डिसेंबर

वहिनी,

उत्तर नको म्हणालीस म्हणून मुद्दाम देतेय.

तुझं पत्र मी रोलरवर बसून वाचलं आणि मग दिवसभर रोलरच फिरवत राहिले. खरंच टाकायचे मी चेंडू. खरंच सरळ टाकायचे. बाबा म्हणाले, एकाने टाकायचा, दुसऱ्याने माती बघायची. मी खूप रडले होते, तेही खरं. पण ती गोष्ट मी तुला माझी म्हणून सांगितली होती. तू ती जपून ठेवलीस आणि वेळ येताच माझ्याच डोक्यात घातलीस. हे मी विसरणार नाही, तू कितीही मोठी वहिनी असलीस तरी.

सेक्रेटरींचं मी खोटं बोलले. कबूल. आता खरं कारण अर्धं सांगते. उरलेलं अर्धं सांगायचं नाही अशी शपथ आहे.

गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जोरात आपटतो. दिवसभर एकाच जागी पाय पडून पडून तिथे खड्डा होतो. खेळ संपला की मी बादली घेऊन जाते, सुटी माती झाडते, पाणी मारते, ओली चिकणमाती भरते आणि धुम्मसने ठोकून सपाट करते. चौदा वर्षं हेच करतेय. तुम्ही लोक गोलंदाजाचा चेहरा बघता, मी त्याचा खड्डा बघते. दादाचा खड्डा मला डोळे मिटून हाताने ओळखता येतो. पाण्याच्या टाकीकडच्या टोकाला, एकच, खोल, वाटीसारखा गोल. तीस षटकं टाकली तरी दुसरा खड्डा नाही. बाबा मला तो दाखवून म्हणायचे, बघ, याला म्हणतात इमान.

नोव्हेंबरात त्याने अकरा षटकं टाकली आणि मी बादली घेऊन गेले, तर तिथे तीन खड्डे. तिन्ही उथळ, आणि तिन्हींच्या बाहेर अंगठ्याने ओढलेली रेघ. तो पाय आपटत नाहीये, वहिनी. तो पाय ठेवतोय, आणि ठेवता ठेवता वळवतोय. पाठ धरली असली की माणूस असा उतरतो. बाबांनी मला अशा दोघांचे खड्डे दाखवले होते. त्यातला एक आता काठी घेऊन चालतो.

परगावच्या दोन सामन्यांत त्याने तीन विकेट घेतल्या. दोनशे सत्त्याण्णव झाल्या, तुझं अभिनंदन. पेपरात वाचलं, पस्तीस षटकं टाकली. मला एकच कळत नाही. त्या पाठीवर पस्तीस षटकं टाकली कशी? तू नर्स आहेस. एका घरात राहता. तुला दिसत नाही का? की तीनशेच्या आकड्यापुढे दिसेनासं झालंय?

स्वेटरच्या बाह्या राहिल्यात.

नणंद


२९ डिसेंबर

वन्सं,

डोळे आहेत मला. दिसतं.

ऑक्टोबरपासून त्याला सकाळी वाकता येत नाही. छोटी त्याला मोजे घालून देते. त्याने तिला तो खेळ म्हणून शिकवलाय, बाबांचे पाय म्हणजे दोन ससे आणि सशांना थंडी वाजते. ती रोज हसत हसत घालते. मी डबा भरत ओट्याशी उभी असते आणि तिकडे बघत नाही.

पस्तीस षटकं टाकली कशी विचारतेस? मी टाकायला लावली. निघायच्या दिवशी मी त्याला इंजेक्शन दिलं आणि आणखी तीन भरून बरोबर दिली. दुखणं मारणारी. म्हणाला, टीमच्या डॉक्टरने सांगितलंय, फक्त परगावच्या सामन्यांपुरती, कारण तिकडे गवत असतं आणि कप्तान त्याला खेळवणारच. चिठ्ठी दाखवली. डॉक्टरची सही होती. पण चिठ्ठी गेल्या वर्षीची होती. मी दिवसाला चाळीस बाटल्यांवरच्या तारखा वाचते, ती एक तारीख मी वाचली नाही. नाही, हेही खोटं. वाचली होती. वाचली आणि घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

कारण त्याने माझ्याकडे असं बघितलं. तू बघितलेलं नाहीस त्याला तसं. म्हणाला, "घरच्या मैदानावर बहीण मला खेळूच देत नाही. निदान बाहेर तरी तू खेळू दे." मग मी काय करायचं होतं? तिकडून बहीण दार लावून बसली आणि इकडून बायकोनेही लावायचं? तू गवत ठेवलं असतंस तर चार घरच्या सामन्यांत सहा विकेट कधीच झाल्या असत्या, आणि ही वेळ आली नसती.

तू मला विचारतेस, तुला दिसत नाही का. मी तुला विचारते. तुला नोव्हेंबरातच दिसलं होतं, तर मला एक फोन का नाही केलास? खड्डे बघत बसलीस. कसली शपथ, कोणाला घातलेली? माझ्या नवऱ्याच्या पाठीपेक्षा मोठी शपथ कुठली?

मापं सोबत आहेत. या वेळी खरी.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पाचवा सामना झाला. दादाला पुन्हा घेतलं नाही. तो पुन्हा खुर्चीत झोपला.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. इंजेक्शनचं वाचून पहिल्यांदा तुला शिव्या घातल्या, मोठ्याने, गवत कापायच्या यंत्राच्या आवाजात, त्यामुळे कोणी ऐकल्या नाहीत. तू नर्स असून. सुई. स्वतःच्या हाताने. पण "बहीण मला खेळूच देत नाही" हे वाक्य मला पुढे जाऊ देईना. म्हणून शपथ मोडतेय. मोडली तर मोडली.

मोसम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात दादा एकटाच आला होता. मी पीचवर पाणी मारत होते. आठ मिलिमीटर गवत ठेवलं होतं मी, मुद्दाम, त्याच्यासाठी. बाबांनी ठेवलं असतं तसं. तो आला, गुडघ्यावर बसला, बसायला त्याला वेळ लागला, आणि गवतावरून हात फिरवून म्हणाला, "काढ हे."

मी म्हटलं, वेडा आहेस का?

म्हणाला, "पाठ जरा धरलीय. घरचे सामने विश्रांती मिळाली तर ठीक होईल. पण मागायची कशी? मी बसतो म्हटलं की संपलं, माझ्या जागेवर तीन जण टपलेत. पीचच कोरडं असलं तर तेच मला बाहेर ठेवतील. मग मी गेलो असं होत नाही, पीचने घालवलं असं होतं." आणि मला शपथ घातली, बाबांची. "तिला सांगायचं नाही. ती घाबरेल. तिला तीनशेचं फार आहे गं, तिच्यासाठी तर मी ओढतोय हे सगळं."

मी रात्रंदिवस घासून ते पीच कोरडं केलं, वहिनी. माझ्या हाताने माझं चांगलं पीच मारलं. लोक काय काय बोलले. तू काय काय बोललीस. मी गप्प बसले, कारण भावाला वाचवतेय असं वाटत होतं, आणि तू त्याला मारतेयस असं वाटत होतं.

आता सांग. तो तुला म्हणाला बहीण मला संपवतेय. मला म्हणाला वहिनीसाठी ओढतोय. आणि आपण दोघी दोन महिने एकमेकींच्या झिंज्या उपटतोय. मध्ये हा गृहस्थ बॅगेतून स्वेटरची मापं पोचवतोय.

नणंद


२४ जानेवारी

चिमणे,

तुला या नावाने कितीतरी महिन्यांत हाक मारली नाही. माफी मागायची आहे, पण ती नंतर. आत्ता माझा इतका संताप झालाय की चांगले शब्द सुचत नाहीत.

मला तीनशेचं फार आहे! मला! मी त्याला दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, पुरे कर आता, दुकानात बॅटी विक, शाळेत शिकव, काहीही कर. तेव्हा महाराज म्हणाले, "तू म्हणशील तर थांबतो, पण मग आयुष्यभर तू मला थांबवलंस असं होईल." मी घाबरून गप्प बसले. तेव्हापासून ते तीनशे माझ्या गळ्यात. शेजारणींना मी अभिमानाने आकडा सांगत सुटले, कारण अभिमान नाही दाखवला तर मी त्याच्या आड येतेय असं दिसेल.

म्हणजे खेळायचं माझ्यासाठी, न खेळायचं तुझ्यामुळे, आणि त्याने स्वतः काय करायचं ठरवलं? काही नाही. दोन बायकांच्या पदराआड बसून राहायचं ठरवलं. मैदानावर ताशी एकशे चाळीसच्या वेगाने चेंडू टाकणारा माणूस, लोक त्याला इंजिन म्हणतात, आणि तीन शब्द तोंडातून बाहेर काढता येत नाहीत. माझी पाठ गेली. तीनच तर शब्द.

आठवडा झाला, रोज समोर बसून जेवतो. मी त्याला काहीही बोललेले नाही. बोलले असते तर रडला असता, मी विरघळले असते, आणि पुन्हा मीच बोलायला लावलं असं झालं असतं. नको.

शेवटचा सामना तुझ्या मैदानावर आहे. माझ्याकडून इंजेक्शन मिळणार नाही, कपाटाला कुलूप आणि किल्ली हॉस्पिटलात. तू गवत ठेव. पहिलं ठेवलं होतंस तेवढंच ठेव, आठ मिलिमीटर. हिरवंगार. तीन विकेट समोर वाढून ठेव त्याच्या. मग बघू साहेब कुठे लपतात.

भीती वाटतेय गं. खेळला तर? तसाच उतरला तर? पण मी एकटी त्याला आता आणखी झाकू शकत नाही.

तुझी वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

ठेवलं गवत. आठ मिलिमीटर, पट्टी लावून मोजलं. आता काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आणि कप्तान दोघे पीच बघायला आले. मला वाटलं होतं, कप्तान खूश होईल. गवत आहे, अनुभवी गोलंदाज आहे, त्याला तीन विकेट हव्यात, टाळ्या वाजतील, फोटो येतील. पण तो गवत बघून असा उभा राहिला, जणू मी त्याच्या ताटात माती वाढली. दादा तर बघतच नव्हता. गवताकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

कप्तान म्हणाला, "हे जरा कापता येईल का?"

दादा लगेच म्हणाला, "हो, जरा काप ना."

दोघेही! मी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. कप्तान हा दादापेक्षा आठ वर्षांनी लहान, त्याच्या हाताखाली वाढलेला. त्यालाही गवत नको, दादालाही नको. तेव्हा माझं जे काही डोकं फिरलं म्हणतेस. यंत्र शेजारीच उभं होतं. मी त्याचा दांडा धरला आणि म्हटलं, "कापते. आत्ता कापते. पण ज्याला कापायला हवंय त्याने कारण सांगायचं. मोठ्याने. मला ऐकू येईल असं."

दादा म्हणाला, "काय लहान मुलासारखं चालवलंयस?"

मी म्हटलं, "वहिनीला सगळं ठाऊक आहे. मलाही इंजेक्शनचं ठाऊक आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही दोघी बोललात? कधी? तुम्ही तर फोनसुद्धा करत नाही."

"तूच तर पोचवत होतास की."

त्याने एकदा खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं. मला हसू आलं असतं, पण राग मोठा होता. मग तो वळला. टाकीच्या टोकाला जिथे त्याचा पाय पडतो, तिथे जाऊन उभा राहिला. पाठमोरा. आणि तिथून म्हणाला, कप्तानाला, पण मला ऐकू येईल असं, "माझी पाठ गेली. ऑक्टोबरपासून. मला उद्या खेळवू नकोस. उद्याही नको आणि पुढेही नको."

आता ऐक, कप्तान काय म्हणाला ते. तो म्हणाला, "ठाऊक आहे, दादा. सगळ्या टीमला ठाऊक आहे. तुझे मोजे तू बसमध्ये घालत नाहीस, आधीच घालून येतोस. आम्ही तुला पीचमुळे नव्हतं बसवलं. पाठीमुळेच बसवलं. पीचचं नाव पुढे केलं, तुला लागू नये म्हणून. बाहेरच्या सामन्यांना गवत होतं, तिथे कारण सापडेना, म्हणून घ्यावं लागलं."

वहिनी, मी यंत्राचा दांडा सोडला आणि दोघांना इतकं बोलले की टाकीवर बसलेली कबुतरं उडाली. कारण सापडेना म्हणून खेळवलं! मोडक्या पाठीवर पस्तीस षटकं, कारण सापडेना म्हणून! एवढे मोठाले पुरुष, आणि प्रत्येकाने आपापली लाज माझ्या पीचखाली पुरली. शिव्या मात्र मी खाल्ल्या. सेक्रेटरींच्या, पेपरवाल्यांच्या आणि तुझ्या. मी म्हटलं, माझी माती तुमची पापं झाकायला नाही. पुढच्या वर्षी कोणाला बसवायचं असेल तर तोंड उघडा आणि बसवा, माझ्या गवताला हात लावाल तर याद राखा.

कप्तान मान खाली घालून ऐकत होता. दादाही. मग दादा म्हणाला, "कापू नकोस. छान ठेवलंयस." आणि निघून गेला.

सामना आपण जिंकलो. त्याच्या जागी खेळलेल्याने पाच घेतल्या. काल खेळ संपल्यावर बादली घेऊन टाकीच्या टोकाला गेले, तर तिथे अनोळखी खड्डा. लांबट, वेडावाकडा, शिकायचंय अजून त्याला. मी तो भरला, ठोकला, आणि मग तिथेच बसून थोडी रडले. तुला सांगायला हरकत नाही.

दोनशे सत्त्याण्णववर थांबला. राग गेलेला नाही माझा. एवढा चांगला गोलंदाज होता तो.

स्वेटर पुरा झाला, त्याच्याबरोबर पाठवतेय.

चिमणी


१६ फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र पोस्टाने येतंय, कारण आपला पोस्टमन निवृत्त झाला.

स्वेटर छोटीला अगदी बरोबर बसला. ती काढायला तयार नाही.

त्याच्या पाठीचे फोटो काढले. मणक्याला चीर आहे, दोन ठिकाणी. आमच्या हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, आणखी एक सामना खेळला असता तर मी तुमच्याशी चालण्याफिरण्याबद्दल बोलत नसतो, खुर्चीबद्दल बोलत असतो. इंजेक्शनं कोणी दिली?" मी म्हटलं, मी. त्यांनी फोटो पाकिटात परत घातले. ओरडले असते तर बरं झालं असतं. वरिष्ठ सिस्टरना मी स्वतःच जाऊन सांगितलंय. त्या काय करायचं ते करतील. त्याला तीन शब्द बोलता येत नाहीत म्हणून मी इतकं तोंडसुख घेतलं, मग माझा एक शब्द मी गिळून कसं चालेल?

आता तीन महिने पट्टा, आणि जमिनीवरचं काही उचलायचं नाही. काल सकाळी तो पलंगाच्या कडेला बसला आणि छोटीला म्हणाला, "मोजे घालून देतेस? मला वाकता येत नाही." ससे नाहीत, थंडी नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि घालून दिले. सहा वर्षांची पोर. तिलाही ठाऊक होतं. या घरात फक्त आम्ही दोघं शहाणी होतो.

मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. जेवायला वाढते, औषध देते, पट्टा बांधते, जरा घट्टच बांधते. तीनशे झाले नाहीत याचं मला खरंच काही वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. आणि ते वाटतं म्हणून स्वतःचाच राग येतो.

तुझ्याबद्दल जे लिहिलं, चेंडू आणि रोलरचं, पोटात दुखण्याचं, ते मी परत घेते असं म्हणून परत घेता येत नाही हे मला कळतं. तू विसरणार नाही म्हणालीस. नको विसरू. पण पुढच्या मोसमाआधी मी छोटीला घेऊन येईन. तिला चेंडू टाकायला शिकव. सरळ टाकणारी आपल्या घरात तूच होतीस.

राहिली तुझ्या दादाची गोष्ट. परवा मला म्हणाला, "चिमणीला पत्र लिहिते आहेस ना? तिला सांग, मी चुकलो म्हणावं."

मी पेन खाली ठेवलं. त्याला म्हटलं, एक अक्षर लिहिणार नाही.

तेव्हा तो रविवारी सकाळच्या बसने येतोय. तुझ्याकडे पोचायला अकरा होतील. पाठीला पट्टा आहे, हळू चालेल, दया येईल तुला. येऊ देऊ नकोस. दार उघडायच्या आधी बाहेरूनच बोलायला लाव. अडखळला तर तू त्याचं वाक्य पुरं करू नकोस. आपण दोघींनी तेच केलं आजवर. पुरं बोलला की मग चहा दे.

तुझी वहिनी